सव्वा महिना : बाळंतिणीच्या वाटणीचं काम कोण करणार?

(लेख मोठा आहे. पण घरात कुणी गरोदर असेल, किंवा तुमच्या घरी कामाला येणारी ताई गरोदर असेल, तर शेवटपर्यंत वाचा.)

बाळकुममध्ये हल्ली बाळंतपणाची तयारी यादीने होते. सातवा महिना लागला, डोहाळजेवण झालं की व्हॉट्सअ‍ॅपवर यादी फिरायला लागते. डिंक, खारीक, हळीव, सुंठ, बाळंतशेपा, ओवा, वेखंड, दशमूलारिष्टाची बाटली, पोटाला बांधायचा पट्टा, डायपर, दुपटी. नाक्यावरच्या दुकानात ही यादी दिली की अर्ध्या तासात पिशवी भरून मिळते. ऑनलाइन मागवली तर दुसऱ्या दिवशी दारात. सामानाची अडचण आता फारशी कुणाला नाही.

अडचण माणसाची आहे. डिंकाचे लाडू डब्यात भरून ठेवलेत, पण रात्री तीन वाजता बाळ रडल्यावर उठणार कोण, सकाळचा डबा करणार कोण, मोठ्या पोराला शाळेच्या बसपर्यंत सोडणार कोण? यादीत हे लिहिलेलं नसतं. आजी गावाला, सासूबाईंचे गुडघे गेलेले, नवऱ्याची रजा चार दिवसांची. हे टॉवरमधलं झालं. त्याच टॉवरमध्ये धुणीभांडी करायला येणारी बाई बाळंत होते, तेव्हा तिच्याकडे ना यादी असते ना माणूस. कित्येक जणी विसाव्या-पंचविसाव्या दिवशी पुन्हा कामावर दिसतात.

सव्वा महिना ही आपल्याकडची जुनी चाल. तिला आपण कधी रूढी म्हणतो, कधी आयुर्वेद म्हणतो. मला तिचा इतिहास वाचताना वेगळंच दिसलं. सव्वा महिना म्हणजे मुळात कामाची वाटणी होती. एका बाईचं काम इतक्या दिवसांपुरतं दुसऱ्यांनी उचलायचं, असा तो ठराव होता. तो ठराव कसा झाला, कुठे मोडला आणि कायद्याने तो पुन्हा जोडायचा कसा प्रयत्न केला, हे आज सांगायचंय. त्यातले बरेचसे धागे आपल्या आसपासचेच आहेत.

गावठाणातला सव्वा महिना

टॉवर यायच्या आधी बाळकुम हे आगरी-कोळ्यांचं खाडीकाठचं गाव. भाताची शेतं, मिठागरं, खाडीतली मासळी. बाया घरात बसून राहणाऱ्या नव्हत्याच. आवणीला चिखलात, कापणीला शेतात आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजारात. अशा बाईला सव्वा महिना घराबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही, हा नियम घराच्या कमाईला परवडणारा नव्हता. तरीही तो पाळायचा प्रयत्न व्हायचा, आणि त्याला धर्माचा आधार दिला होता. सोयर, पाचवीची पूजा, सटवाई, बाराव्या दिवसाचं बारसं, मग सव्वा महिन्याने देवदर्शन. बाळंतिणीचा विटाळ आहे, तिने चुलीला शिवायचं नाही, विहिरीवर जायचं नाही, असं सांगितलं जायचं. आज आपल्याला विटाळ हा शब्द खटकतो, आणि तो खटकायलाच हवा. पण त्याचा एक परिणाम असा होता की चूल आणि पाणी ही घरातली सगळ्यात जड दोन कामं तिच्या अंगावरून आपोआप उतरायची. "दमलेय, आज नाही जमत" असं सुनेने सांगण्यापेक्षा देवाचं नाव घेतलेलं घरात लवकर ऐकलं जायचं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धतही यातलीच. माहेरी आई असते, बहीण असते, लाज नसते, आणि सासरच्या कामाचा हिशेब नसतो. सुईण बाळंतपण करून निघून जायची नाही. पुढचे दहा-बारा दिवस ती किंवा घरातली जाणती बाई बाळाला आणि आईला तेल लावायला, न्हाऊ घालायला, शेक द्यायला यायची. मऊ भात, पेज, हळिवाची खीर, मेथीचे नि डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, लसणाची चटणी आणि आपल्या खाडीकाठच्या घरांत मुडदुशासारखी हलकी मासळी. दूध यावं आणि अंगात ताकद यावी हा हेतू. शेजारणी बाळंतविडा घेऊन यायच्या तेव्हा नुसतं अंगडं-टोपडं आणायच्या नाहीत, जाता जाता पाणी भरून जायच्या, भांडी घासून जायच्या.

हे सगळं गोड होतं असं मात्र कुणी समजू नका. खोली बंद, खिडक्यांना चिंध्या लावलेल्या, खाटेखाली कोळशाची शेगडी. बंद खोलीतल्या त्या धुराने आई आणि बाळ दोघांचाही जीव गुदमरू शकतो. नाळ कापायला हाताला येईल ते पातं, आणि मग बाळाला धनुर्वात. पहिलं पिवळसर दूध खराब म्हणून पिळून टाकायचे. खरं तर बाळाची पहिली लस म्हणावी असं ते दूध. पाणी कमी द्यायचं, कारण पोट सुटेल. दूध पाजणाऱ्या बाईला तर पाणी जास्तच लागतं. मुलगी झाली तर शेक, लाडू आणि लाड यांत हात आखडता. आणि गरिबाच्या घरी आवणीच्या दिवसांत बाळंतपण आलं की सव्वा महिन्याचे पंधरा दिवस व्हायचे. म्हणजे ठराव होता, पण तो सगळ्यांना सारखा लागू नव्हता.

कल्याणची आनंदीबाई

या जुन्या व्यवस्थेला आतून प्रश्न विचारणारी पहिली मोठी बाई आपल्या शेजारची. आनंदीबाई जोशी, माहेर कल्याणचं. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसच जगला. वेळेवर नीट उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, हे तिच्या मनातून गेलं नाही. त्यातून ती डॉक्टरकीकडे वळली, ही गोष्ट आपल्याला शाळेत शिकवतात.

शाळेत सहसा न सांगितलेली गोष्ट पुढची आहे. १८८३ साली अमेरिकेला निघण्याआधी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने जाहीर भाषण केलं आणि हिंदुस्थानात बायकांसाठी बायका डॉक्टर का हव्यात हे लोकांना तोंडावर सांगितलं. मग फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ ला ती एम.डी. झाली. तिच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तम आधुनिक शिक्षण घेताना, तिने अभ्यासाला निवडलं ते आपल्याच बायकांचं बाळंतपण. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूकही झाली होती. पण क्षयाने तिला काम करू दिलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला ती पुण्यात गेली. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

त्याच सुमाराला मुंबईत दारं उघडत होती. १८८६ मध्ये बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. १८८७ मध्ये डॉ. तेमुलजी नरिमन यांनी पारशी बायकांसाठी प्रसूतिगृह काढलं. घरातल्या कोंदट खोलीत सूतिकाज्वराने मरणाऱ्या बाया त्यांनी पाहिल्या होत्या. डॉक्टरने हात नीट धुतले तर हा ताप टळतो, हे व्हिएन्नात सेमेलवाइसने १८४७ मध्येच दाखवलं होतं. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने विधवा आणि परित्यक्ता बायकांना नर्स आणि सुईणीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. १९२६ मध्ये परळला, गिरणगावात, नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं.

या सगळ्यांमुळे बाळंत होणं हळूहळू सुरक्षित झालं. पण दवाखाना बाईला चार-आठ दिवस ठेवणार आणि घरी पाठवणार. घरी गेल्यावर काय, हा प्रश्न दवाखान्याच्या हातात नव्हता. तो गिरणीच्या भोंग्याच्या हातात गेला होता.

गिरणीत सव्वा महिना मोडला

गिरणीतली बाई म्हणजे बहुतेक कोकणातली, घाटावरची. रिळं भरायच्या खात्यात काम. तिच्या चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत सासू नाही, आई नाही, शेजारणी आहेत पण त्याही गिरणीत. काम केलं तर पगार, नाही केलं तर नाही. सव्वा महिना बसायचं म्हणजे सव्वा महिन्याची मजुरी गेली, आणि वर सावकाराचं व्याज. माहेरी जाणं परवडलं तर बाया गावी जायच्या. नाही परवडलं तर शेवटच्या दिवसापर्यंत साच्यापाशी उभ्या राहायच्या.

१९२१ साली मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरला या बायकांची स्थिती पाहायला नेमलं. बाळंतपणाआधी आणि नंतर त्यांचं काय होतं, हे तिने गिरण्यांत आणि चाळींत फिरून पाहिलं. १९२२ मध्ये तिचा अहवाल आला. त्यातली एक गोष्ट वाचून अंगावर काटा येतो. गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या जवळजवळ सगळ्या तान्ह्या मुलांना अफू दिली जात होती. बाळगोळी म्हणायचे तिला. आई कामावर गेली की बाळाने रडू नये, झोपून राहावं, म्हणून. आपल्या आज्यांना हा शब्द अजून माहीत असतो. त्या आया क्रूर नव्हत्या. बाळाजवळ बसायला माणूस नव्हतं, म्हणून माणसाच्या जागी गोळी आली.

त्या वर्षांत मुंबईतला बालमृत्यूचा सरकारी आकडा हजारी सहाशेच्या वर गेला होता. एका खोलीच्या बिऱ्हाडांत तो आणखी जास्त. हा आकडा वाचताना एक मेख ध्यानात घ्यायला हवी. पुष्कळ बाया बाळंतपणाला गावी जायच्या, त्यामुळे जन्माची नोंद गावात, आणि बाळ घेऊन परत आल्यावर ते दगावलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. त्यामुळे आकडा फुगायचा. पण त्याच मेखेतून दुसरी गोष्ट कळते : ज्या बाईला जमेल ती माहेर गाठायची, कारण शहरात तिचं काम उचलणारं कुणी नव्हतं.

आठ आण्यांचा कायदा

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद भरली. तिथे ठरलं की कामगार बाईला बाळंतपणाआधी सहा आणि नंतर सहा आठवडे रजा हवी, आणि त्या काळात पोटापुरते पैसेही हवेत. परिषदेला हिंदुस्थानच्या कामगारांतर्फे ना. म. जोशी होते. आज ज्यांच्या नावाने परळ-लोअर परळचा रस्ता आहे तेच. परत आल्यावर १९२४ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती साहाय्याचं विधेयक आणलं. १९२५ मध्ये ते पडलं.

मग तोच प्रश्न मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलात आला. २८ जुलै १९२८ ला त्यावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून हा भार खरं तर सरकारने मोठ्या प्रमाणात उचलायला हवा. पण मालक बाईला कामावर ठेवतो ते त्यात त्याला फायदा दिसतो म्हणून, तेव्हा त्यानेही यातला वाटा उचलला पाहिजे. हे वाचताना लक्षात येतं की त्या दिवशी सभागृहात वाद लाडू-काढ्याचा नव्हता, दयेचाही नव्हता. बाई काम करणार नाही त्या दिवसांची किंमत कुणी मोजायची, एवढाच होता.

१९२९ मध्ये मुंबई प्रसूती लाभ कायदा झाला. हिंदुस्थानातला अशा तऱ्हेचा पहिला मोठा कायदा. बाळंतपणाआधी तीन आणि नंतर चार आठवडे, म्हणजे सात आठवडे, दिवसाला आठ आणे. सव्वा महिन्यापेक्षा बाळंतपणानंतरचे दिवस थोडे कमीच होते. पण आता त्यामागे देवाचा नाही, कायद्याचा आधार होता. घरी बसली तरी हातात काही पडणार होतं.

मालकांनी पळवाटाही शोधल्या. पुढच्या काही दशकांत मुंबईच्या गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण घसरत गेलं. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं अशी त्याला आणखीही कारणं होती, पण बाई ठेवली की बाळंतपणाचे पैसे द्यावे लागतात हेही एक होतंच. आजही "लग्न झालंय का, मुलं आहेत का" असं मुलाखतीत विचारणारा साहेब त्याच जुन्या गिरणीमालकाचा वारस आहे.

वागळे इस्टेटपासून टॉवरपर्यंत

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा राज्य विमा कायदा आला, मग १९६१ चा केंद्राचा प्रसूती लाभ कायदा. बारा आठवडे भरपगारी रजा. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे बाईला कामावर लावणं बेकायदा. कामावर परत आल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोनदा सुट्टी.

ठाण्याचं चित्र त्याच काळात बदलत होतं. १९२५ मध्ये आलेली रेमंडची गिरणी होतीच. १९६२ मध्ये एमआयडीसीची सुरुवात वागळे इस्टेटपासून झाली. कोळशेत-बाळकुमच्या पट्ट्यात रसायनांचे, औषधांचे कारखाने उभे राहिले. गावातली शेतं गेली, मिठागरं गेली, घरटी एक-दोन माणसं कारखान्यात लागली. ज्या बाईची नोकरी कायम होती तिला कायद्याचे बारा आठवडे मिळाले. कंत्राटावर पॅकिंगला जाणारीला बहुतेकदा नाही. मग कारखाने बंद होत गेले आणि त्याच जमिनींवर आजचे टॉवर आले.

२०१७ मध्ये कायदा बदलला. पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे रजा, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद आहे. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. जगातल्या कित्येक श्रीमंत देशांपेक्षा जास्त. आपण याचा अभिमान जरूर बाळगू.

पण हे मिळतं कुणाला? कारखान्यातल्या, आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकान-कचेरीतल्या बाईला. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं की रोजंदारीवरच्या बाईलाही हा हक्क आहे. तरीही तुमच्या-माझ्या घरी भांडी घासणारी बाई त्यात येत नाही, कारण घर ही कायद्याच्या नजरेत आस्थापना नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यात प्रसूतीसाठी मदतीची सोय आहे. पण त्यासाठी आधी नोंदणी हवी. आपल्याकडच्या किती जणींची नोंदणी झालीय, हे एकदा विचारून बघा. मंडळाचं नावसुद्धा बहुतेकींना ठाऊक नसतं.

केंद्राची मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळाला पाच हजार, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने किमान सहा हजारांचं वचन दिलं होतं. सहा हजार धरले आणि सव्वा महिन्याने भागले तर दिवसाला दीडशे रुपयांच्या आसपास पडतात. एवढ्यात दिवसभराचं दूध-भाजी येईल, मजुरी भरून निघणार नाही.

बेचाळीस दिवस

आता वैद्यकशास्त्र काय म्हणतं ते पाहा. मातामृत्यूची जगभरची व्याख्या गरोदरपणात किंवा ते संपल्यावर बेचाळीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू अशी आहे. बेचाळीस दिवस म्हणजे सहा आठवडे. आपला सव्वा महिना त्याच्या अगदी जवळ, आणि १९६१ च्या कायद्याचे सक्तीचे सहा आठवडेही तेवढेच. गर्भाशय मूळ जागी यायला, झीज भरून यायला साधारण एवढा काळ लागतो, हे आपल्या आज्यांनी बघून ओळखलं होतं.

महाराष्ट्राने या बाबतीत मोठी मजल मारलीय. २०१८-२० च्या सरकारी आकड्यांप्रमाणे दर लाख जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. हे दवाखान्यातल्या बाळंतपणाचं, १०८ नंबरच्या गाडीचं आणि दारोदार फिरणाऱ्या आशाताईंचं यश आहे. पण धोका दवाखान्याच्या दारात संपत नाही. बाळंतपणानंतर होणाऱ्या मातामृत्यूंपैकी जवळपास निम्मे पहिल्या चोवीस तासांत होतात, आणि उरलेले पुढच्या दिवसांत, म्हणजे बाई घरी आल्यावर. म्हणूनच आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बघायचं असतं. सुईणीचे ते दहा-बारा दिवस आठवतात ना? सरकारने तीच फेरी पुन्हा सुरू केली, फक्त हात धुवायला शिकवून.

शरीराइतकीच मनाची गोष्ट. गोव्यात म्हापशाला २००० च्या आसपास डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला. सहा ते आठ आठवड्यांनी पाहिलं तर २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. जवळजवळ चौघींत एक. कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी असलेला ताण होता, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली हेही होतं. म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत कोण काय बोलतं, याचा तिच्या तब्येतीवर परिणाम होतो, हे आता मोजून दाखवलेलं आहे. "पोरगी झाली, पुढच्या वेळी बघू" असं हसत हसत म्हणणारे पाहुणे बाळंतिणीला नकोत. त्यांना दारातूनच चहा देऊन पाठवा.

मग तयारी कशाची करायची?

लाडू करा, जरूर करा. डिंक, हळीव, खारीक, तूप, यांत वाईट काही नाही. फक्त शुगर किंवा बीपी असेल तर डॉक्टरांना विचारून. पण यादीच्या वर आणखी एक कागद लावा. त्यावर सामानाऐवजी माणसांची नावं लिहा. बेचाळीस दिवस, सकाळ-दुपार-रात्र. कोणत्या दिवशी कोण स्वयंपाक करणार, रात्री बाळाला कोण घेणार, मोठ्या मुलाला कोण सांभाळणार. नवऱ्याचं नाव त्या कागदावर सगळ्यात जास्त वेळा आलं पाहिजे. रजा मिळत नसेल तर निदान रात्री त्याच्या. आई-सासू येणार असतील तर त्यांना स्वयंपाकाला जुंपून पाहुण्यांची रांग लावू नका.

जुन्या चालीतलं काय ठेवायचं, काय सोडायचं, हे सोपं आहे. विसावा ठेवा, गरम ताजं अन्न ठेवा, तेल लावणं ठेवा, शेजारणीची मदत ठेवा. बंद खोली, शेगडीचा धूर, पाणी तोडणं, बाळाला मध-घुटी हे सोडा. बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध. विसावा म्हणजे सव्वा महिना खाटेवर पडून राहणंही नव्हे. घरातल्या घरात चालत राहावं, नाहीतर पायांत रक्ताची गुठळी होऊ शकते. सिझर झालं असेल तर बाळापेक्षा जड काही उचलू नये. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवायच्या असतात, त्या मधेच बंद होतात. सहा आठवड्यांनी बाळाची लस सगळ्यांच्या लक्षात असते, त्याच दिवशी आईचीही तपासणी करून घ्या.

आणि हे फ्रिजवर चिकटवा. तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ताप, घाण वास येणारा स्राव, एकाच पायाला सूज आणि दुखणं, जोराची डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणं, दम लागणं. यांतलं काहीही झालं तर "बाळंतवाताने होतंय" म्हणून काढा देत बसू नका. १०८ ला फोन करा. दोन आठवड्यांनंतरही सारखं रडू येत असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस नंबर आहे, मराठीत बोलता येतं. जीव देण्याचा किंवा बाळाला इजा करण्याचा विचार येत असेल तर तिला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

आता शेवटचं, आणि त्यासाठीच हे सगळं लिहिलं. तुमच्या घरी कामाला येणारी ताई गरोदर असेल, तर तिचा कागदही तयार करा. ती पाच घरी काम करत असेल तर पाचही घरांनी मिळून दोन महिन्यांचा पगार चालू ठेवायचा, आणि तिची जागा तिच्यासाठी राखून ठेवायची. बदलीवर येणारीला वेगळे पैसे द्यायचे. एका घराला हा खर्च किती पडतो याचा हिशेब करा. बहुतेक घरांत तो बारशाच्या हॉलच्या भाड्यापेक्षा कमी निघेल. सोसायटीच्या सभेत हा विषय मांडा, पार्किंगच्या भांडणाआधी. तिची घरेलू कामगार मंडळात नोंदणी झालीय का बघा, मातृवंदनेचा अर्ज भरायला पोरांपैकी कुणालातरी सांगा.

आणि नगरसेवकांना, महापालिकेला विचारा. २०२० मध्ये साकेत-बाळकुमला काही आठवड्यांत हजारांवर खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. मनात आणलं तर काय जमतं हे या गावाला शिकवावं लागत नाही. मग प्रत्येक प्रभागात एक पाळणाघर, आशाताईंच्या सहाच्या सहा भेटी होतात की नाही याचा जाहीर हिशेब, आणि कंत्राटी सफाई कामगार बायकांना पूर्ण प्रसूती रजा, एवढं मागायला काय हरकत आहे?

१९२८ साली कौन्सिलात जो प्रश्न विचारला गेला तो अजून तसाच आहे. ती काम करणार नाही त्या दिवसांचा भार कुणी उचलायचा? तुमच्या घरात, तुमच्या मजल्यावर, तुमच्या कंपनीत या प्रश्नाचं उत्तर आज काय आहे, ते खाली लिहा. आणि घरात म्हातारी आजी असेल तर तिला विचारा, तिच्या सव्वा महिन्यात पाणी कोण भरत होतं. तिला ते नाव अजून आठवत असेल.